माझ्या अंत्यदर्शनाचं शूटिंग

माझ्या स्वतःच्या अंत्यदर्शनाला पोचायला मला जरा उशीर झाला, कारण सांबाराला फोडणी द्यायची राहिली होती. स्वयंपाकघरापासून हॉल काही फार लांब नाही. पण मोहरी तडतडत असताना गॅस सोडून जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही, मग बाहेर कुणीही गेलेलं असो.

मी बालाजी राव. तंजावरात मेलवीथीला राहतो. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि परत जायचं विसरले. बाहेर तमिळ, घरात मराठी, असा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. बायको कमला गेली, मुलगा मुरली टोरांटोला स्थायिक झाला, आणि तेव्हापासून मी घरात मराठी बोलतो ती फक्त कुकरशी. (तो उत्तर देतो. नातेवाइकांपेक्षा वेळेवर देतो.)

अशात पुण्याहून केतकी नावाच्या एका मुलीचा फोन आला. ती माहितीपट करते. गाणी, लोकांच्या रीतीभाती, बुडत चाललेल्या गोष्टी हा तिचा विषय. इथल्या मराठी घरांतल्या लग्नात नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात, त्याला आम्ही ऊंजल म्हणतो. तिला त्या गाण्यांवर फिल्म करायची होती. तिनं विचारलं, तुमच्या घरात ही गाणी अजून म्हणतात का? मी म्हटलं, म्हणतात तर. सगळे मिळून? अर्थात. घरी माणसं बरीच असतील ना? मी म्हटलं, सारखा राबता असतो. हे अगदीच खोटं नव्हतं. दूधवाला येतो, गॅसवाला येतो, आणि विजेचं मीटर बघायला येणारी बाई तर पाणीसुद्धा पिते.

केतकी आली ती एक कॅमेरावाला आणि एक आवाजवाला घेऊन. पहिल्या दिवशी म्हणाली, "काका, आम्ही इथे नाहीच असं समजा. तुम्ही रोज जे करता ते करा." आता मी रोज काय करतो ते मलाच त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी कॉफी केली. प्यालो. बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसलो. पेपर वाचला. मग तोच पेपर दुसऱ्या बाजूनं वाचला. कॅमेरावाल्यानं तेवढ्यात दोनदा जांभई दिली आणि एकदा बॅटरी बदलली. केतकी हळूच म्हणाली, घरातली बाकीची मंडळी कधी येतात? मी म्हटलं, येतील, येतील.

मग तिनं मला गाणं म्हणून दाखवायला सांगितलं. इथे खरी पंचाईत झाली. ऊंजलच्या गाण्यात एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे मागून पालुपद म्हणतात. मी जन्मभर बाकीच्यांत होतो. मला येतं ते फक्त पालुपद. मी झोपाळ्याशेजारी उभा राहून अत्यंत गंभीर चेहऱ्यानं पालुपद म्हटलं आणि थांबलो. आवाजवाला कानावरचा हेडफोन दाबून वाट बघत राहिला. मी म्हटलं, आता दुसऱ्यानं म्हणायचं, मग परत मी. तो इकडेतिकडे बघायला लागला. मी त्याच्या समाधानासाठी दुसऱ्याच्या जागी थोडा वेळ गप्प बसलो आणि पुन्हा पालुपद म्हटलं. असं आमचं चार-पाच कडव्यांचं गाणं झालं.

केतकी गोड मुलगी, पण तीही माणूसच. म्हणाली, काका, रविवारी मंडळी जमली तर बरं होईल, नाहीतर कुंभकोणमला एक मोठं कुटुंब आहे असं कळलंय, आम्ही तिकडे जाऊ. फिल्म गेली तर गेली, तिचं मला काही नव्हतं. पण चार दिवस घरात मराठी ऐकू येत होती. सकाळी कुणीतरी "काका, साखर कुठंय?" असं विचारत होतं. साखर कुठं आहे ते विचारणारं कुणी असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला त्या आठवड्यात कळलं. मी म्हटलं, रविवारी अस्के येतील. (अस्के म्हणजे सगळे. तुमच्याकडे हा शब्द हरवला, आम्ही सांभाळून ठेवलाय.)

मी फोन फिरवायला बसलो. पहिला फोन पापनाशमच्या सुंदराक्काला. ही माझी चुलतबहीण, वयानं ऐंशीच्या घरात, आणि ऊंजलच्या ओळी येणारी घराण्यातली शेवटची बाई. ती म्हणाली, गुडघे. तिचा मुलगा किट्टू म्हणाला, मामा, रविवारी गाडी सर्व्हिसिंगला आहे. तिरुवैयारुचा भाचा म्हणाला, मुलांचे संगीताचे क्लास. सगळ्यांनी "पुढच्या वेळी नक्की" म्हटलं. कमला गेल्यावर तेराव्याला जेवून उठताना सगळे हेच म्हणाले होते, त्यामुळे 'पुढच्या वेळी'चा मला चांगला अनुभव होता.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. आमच्या तमिळ मुलुखात फ्लेक्सशिवाय काहीही होत नाही. कान टोचले, फ्लेक्स. गृहप्रवेश, फ्लेक्स. साध्या फोनला लोक किंमत देत नाहीत, पण फोटोसकट छापील आमंत्रण गेलं की माणूस येतोच! केतकीनं मोठ्या हौसेनं मराठीत मजकूर लिहून दिला: बालाजी रावांच्या घरी रविवारी ऊंजलची गाणी आणि भोजन, अस्के या. मी तो आणि माझा एक फोटो फ्लेक्सच्या दुकानात दिला. फोटो निवृत्तीच्या वेळचा, ओळखपत्रावरचा, काळा-पांढरा. हसताना काढलेला माझा फोटो नाही. काढायला कुणीतरी समोर लागतं.

दुकानदाराला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं समोर काय आहे ते पाहिलं. काळ्या-पांढऱ्या फोटोतला एक म्हातारा, गंभीर, आणि मजकूर भटजींच्या पोथीतल्यासारख्या लिपीत. त्यानं आपल्या धंद्याला स्मरून योग्य ते डिझाइन निवडलं. त्याचा नमुना रविवारी सकाळी माझ्या फोनवर आला. मी तो बोटांनी मोठा करून एकेक अक्षर तपासलं. काना बरोबर, मात्रा बरोबर, 'भोजन'मधला भ तर झकास. घराण्यात देवनागरी वाचता येणारा मी एकटा (नोकरीत काही वर्षं सोलापूरला होतो), त्यामुळे ही जबाबदारी मी फार मनापासून पार पाडली. अक्षरं सगळी पाहिली. पोस्टर पाहायचं राहिलं. आणि ज्या घराण्यात वाचता येणारा मी एकटा, तिथे मी हे आमंत्रण वाचायला बाकीच्यांना पाठवतोय, हेही त्या वेळी डोक्यात आलं नाही.

मी ते कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं. लगेच आवाजवाला आला, म्हणाला शूटिंग सुरू होतंय, सगळ्यांचे फोन बंद. माझा फोन त्यानं स्वतः बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला.

आता ग्रुपवर काय दिसलं ते सांगतो. मध्ये माझा फोटो. दोन्ही बाजूंना पेटलेल्या समया. खाली कमळ. वर ढगांतून येणारे किरण आणि त्या किरणांत उडणारं एक पांढरं कबुतर. आमच्याकडे माणूस गेला की भिंतीवर असं पोस्टर लागतं, त्याला कण्णीर अंजली म्हणतात, म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली. त्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. फोटो कुणाचा ते बघतात आणि आंघोळीचं पाणी तापवतात. पोस्टर माझ्याच फोनवरून आलं होतं, पण ते शेजाऱ्यांपैकी कुणीतरी टाकलं असं सगळ्यांनी धरलं. ज्यांनी खात्री करायला फोन केला, त्यांना माझा फोन बंद मिळाला. याहून मोठा पुरावा काय हवा?

मी मात्र स्वयंपाकघरात होतो. लग्नातलं मोठं पातेलं काढलं होतं. केतकीनं छोटे कांदे सोलले, डोळे लाल करून घेतले, आणि मी खसखशीचं पायसम ढवळत तिला म्हटलं, बघ, येतील. कुणी येणार नाही याची मला पक्की खात्री होती. पण रिकाम्या घरात चार माणसांपुरतं सांबार करण्यापेक्षा चाळीस माणसांचं करून वाट बघण्यात जास्त मान आहे.

तेवढ्यात बाहेर एक टेम्पो थांबला. दोन माणसं कापडानं झाकलेलं काहीतरी लांबलचक घेऊन हॉलमध्ये आली. मला वाटलं, केतकीचे दिवे असतील. केतकीला वाटलं, माझं काहीतरी असेल. मी आतूनच ओरडून सांगितलं, झोपाळ्यासमोर ठेवा, प्लग दाराच्या मागे आहे. त्यांनी ठेवलं, चालू केलं, आणि मोटार घुं घुं करायला लागली. आवाजवाला धावत आला आणि हे बंद करा म्हणून मराठीत सांगू लागला. ती माणसं तमिळमध्ये म्हणाली, बंद करून चालणार नाही साहेब, खराब होईल. आवाजवाल्याला तमिळ येत नाही. त्यांच्यातल्या मोठ्यानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला अदबीनं विचारलं, घरातले वडीलधारे कुठं आहेत? मी म्हटलं, मीच. त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं, धीर धरा म्हणाला, आणि निघून गेला. मला वाटलं, चाळीस माणसांच्या सांबाराबद्दल म्हणत असेल.

ती होती फ्रीझरची पेटी. मयताला ठेवतात ती. किट्टूनं पाठवली होती. गाडी सर्व्हिसिंगला असलेला माणूस वेळ आली की किती कामाचा असतो पाहा!

आणि मग गल्लीच्या टोकापासून रडणं ऐकू आलं. किट्टूची गाडी (सर्व्हिसिंगमधली) दारात थांबली. मागून भाड्याची व्हॅन. तिच्यामागे तिरुवैयारुचा भाचा मोपेडवर, हँडलला गुलाबाचा हार लटकावून. सुंदराक्का दोघांच्या खांद्यावर हात टाकून उतरली आणि उंबऱ्यातच तिनं हंबरडा फोडला. केतकीला वाटलं, तंजावरी मराठी लोकांत पाहुणे येण्याची हीच रीत असावी. तिनं कॅमेरावाल्याला खूण केली आणि तो उलट पावलांनी मागं सरत सगळं टिपू लागला.

मी फोडणीची तयारी करत आतून ऐकत होतो. अक्का मोठ्यानं म्हणत होती की त्याच्यासारखा भाऊ मिळायचा नाही. लहानपणी मला ताप आला तर कावेरीपलीकडनं धावत बर्फ आणलान्. एकटा राहिला बिचारा, कधी कोणाला त्रास म्हणून दिला नाही, बोलावलं तर आम्ही गेलों नाहीं. मला कुणाबद्दल चाललंय ते कळेना, पण माणूस चांगला असावा असं वाटलं. मोहरी तडतडली, हिंग घातला, फोडणी सांबारावर ओतली, आणि पळी हातात घेऊन मी बाहेर आलो.

हॉल भरलेला होता. सगळे पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, नाहीतर फिक्या साड्यांत, रिकाम्या पेटीभोवती उभे होते. आधी एका पोरीनं मला पाहिलं आणि ती आईच्या मागे लपली. मग एकेकाचं रडणं बंद होत गेलं. पेटीची मोटार तेवढी चालू राहिली. अक्कानं पदर डोळ्यांवरून काढला आणि माझ्याकडे, मग पळीकडे पाहिलं.

"बालू, तूं मेलास नाहीं?"

"नाही अक्का."

"मग तसें सांगायचें कीं!"

मी म्हटलं, सांबार झालंय.

मग जे व्हायचं ते झालं. किट्टूनं आपल्या फोनवरचं पोस्टर माझ्या नाकासमोर धरलं आणि मी ते पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. कबुतरसुद्धा. मी त्यांना मजकूर वाचून दाखवला, त्यात भोजन असा स्पष्ट शब्द आहे हेही दाखवलं. किट्टू म्हणाला, मामा, समया दिसल्यावर अक्षरं कोण वाचतो? भाचा म्हणाला, खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. मोठ्यांत कुणीतरी म्हणालं, अजून किती?

जेवणावरून वेगळाच वाद निघाला. मयताच्या घरी जेवत नाहीत. पण हे मयताचं घर आहे का? मयत तर वाढायला उभं आहे! एक पक्ष म्हणाला, आपण घरून निघालो ते मयतासाठी, तेव्हा विटाळ लागलाच. शेवटी अक्कानं निकाल दिला: सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ करायची, दिवा लावायचा, मग पान मांडायचं. घरात न्हाणीघर एक. टाकी दोनदा भरावी लागली. बायकांनी नेसायला कोरडी साडी मागितली तेव्हा मी कमलाचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून ते मी उघडलं नव्हतं. थोड्याच वेळात हॉलमध्ये कमलाची निळी साडी फिरायला लागली, मग हिरवी, मग ती मुरलीच्या मुंजीतली. सगळ्या ओल्या केसांच्या, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. मी पाणी आणायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेलो आणि थोडा वेळ तिथेच थांबलो. फार बरं वाटत होतं आणि ते सोसवत नव्हतं.

दरम्यान टेम्पोवाले पेटी न्यायला आले. मला पाहून त्यांनी हात जोडले. 'पुढच्या वेळी' असं ते काही म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. हाराचा प्रश्न गल्लीतल्या गाईनं सोडवला.

जेवणं झाली. पायसम कमी पडलं. (चाळीस माणसांचं पायसम माझ्या घरी कमी पडलं! हे वाक्य मी पुन्हा लिहू शकतो.) मग अक्का आपण होऊन झोपाळ्यावर बसली आणि तिनं ओळ उचलली. रडून आवाज बसला होता, पण सूर पक्का. बाकीच्यांनी मागून पालुपद धरलं. ज्यांना मराठी धड बोलता येत नाही त्या पोरांनीसुद्धा धरलं. माझं मात्र पहिल्याच फेरीला चुकलं. जन्मभरात मला येतं ते गाण्यातलं तेवढंच, आणि तेच मी उशिरा उचललं. दुसऱ्यानं ओळ म्हटल्यावर उत्तर द्यायची सवय राहिली नव्हती. अक्कानं माझ्याकडे पाहिलं, ओळ पुन्हा घेतली आणि माझं होईपर्यंत थांबली.

संध्याकाळी सगळे निघाले. आमच्याकडे निघताना 'जातों' म्हणत नाहीत, 'जाऊन येतों' म्हणतात. मयताच्या घरून निघताना मात्र काहीच म्हणायचं नसतं. 'येतों' म्हटलं तर तसलंच निमित्त पुन्हा येतं. अक्का या बाबतीत फार कडक. ती म्हणाली, निमित्त खोटं असलं तरी निघालो त्या निमित्तानं, उगाच कशाला विषाची परीक्षा, तुझ्याच भल्यासाठी. आणि खरोखरच सगळे न बोलता गाडीत बसले. मी दारात उभा होतो. हात अर्धा वर केला होता, कारण कुणीतरी "येतों" म्हणेल, मग तो पूर्ण वर करायचा असतो. गाडी गल्लीच्या टोकाला वळली. मी हात तसाच खाली घेतला.

केतकी मागून म्हणाली, "काका, सुंदर. फक्त मधे एक रिक्षा आली. पुन्हा एकदा उभे राहाल?" राहिलो. त्यानंतर उजेड कमी पडला म्हणून आणखी एकदा राहिलो. गल्लीत तेव्हा कुणीही नव्हतं.

रात्री तांदळाच्या डब्यातून फोन काढला. मुरलीचे इतके फोन येऊन गेले होते की मोजण्यात अर्थ नव्हता. किट्टूनं त्याला खरं काय ते कळवलं होतं, तरी माझा आवाज ऐकून तो रडला, मग रागावला. म्हणाला, "अप्पा, मी तिकीट काढतच होतों. बटण दाबणार तेवढ्यांत किट्टूचा मेसेज आला. थोडक्यांत वाचलों." मी म्हटलं, दाबायचं होतंस रे. तो म्हणाला, आता तुम्ही ठीक आहात ना, मग डिसेंबरात बघू. आम्ही दोघंही थोडं हसलो आणि मी पातेलं घासायला घेतलं.

काही महिन्यांनी फिल्म पूर्ण झाली. केतकीनं ती सगळ्यांना फोनवर पाठवली. अक्काचं गाणं जवळजवळ पूर्ण आहे. मी पालुपदात चुकतो तेही आहे. शेवटी बराच वेळ मी दारात उभा आहे, आणि समोर रिकामी गल्ली. त्या दिवशी माझा फोन सारखा वाजत होता. नातेवाइकांनी आपण होऊन फोन केले, ही माझ्या घरात बातमीच. सगळ्यांना तो शेवट फार आवडला. किट्टू म्हणाला, मामा, तुम्ही सिनेमात जायला पाहिजे होतं. सगळ्यांत शेवटी अक्काचा फोन आला.

"तें दारांत उभा राहतोस कीं नाहीं, इतकें खरें कसें केलास रे बालू? कोठें शिकलास?"

मी म्हटलं, "शिकायचं काय त्यात अक्का, रोजची तालीम आहे."